साडेतीन घटका

"रजब," कडूबा म्हणाला आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला.

सर्जेराव खिडकीला टांगलेल्या आरशात बघून दाढी करत होता. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. रविवार होता. बाप पहिल्या यष्टीनं अंबडहून आला होता, ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन, नेहमीसारखा. डबा कोपऱ्यात ठेवला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हाताला लागेल ते वाचायला घेतलं. हीही नेहमीचीच सवय. तीस-बत्तीस वर्षं अंबडच्या कोर्टात चपराशी म्हणून काढलेल्या माणसाला कागद दिसला की तो उचलल्याशिवाय राहवत नाही. आज हाताला लागलं ते इब्राहीम घड्याळजीचं पुस्तक. आणि कडूबानं ते मागून उघडलं, कारण तो जे काही शिकला ते उर्दूत शिकला होता, आणि उर्दू शिकलेला माणूस पुस्तक मागूनच उघडतो, मग ते मराठी का असेना. मागच्या पानावर तळाला छापखान्याच्या दोन बारीक ओळी होत्या. उर्दूत.

"काय म्हणालास बा?"

"रजब लिव्हलंय. छापखान्याचं नाव हाये, मोहल्ला हाये, अन् खाली माहे रजब, सन तेराशे एकवीस."

"तेराशे एकवीस फसली," सर्जेराव म्हणाला. त्याच्या आवाजात ती चीड होती जी बापाशी बोलताना आपोआप यायची.

"फसली कशाचं? फसलीत रजब कुठं असतो, सर्जा? फसलीचे महिने अलग. आजूर, दै, बहमन, इस्फंदार. रजब हिजरीचा. समन्सावर ह्याच्यात गफलत केली की मुन्सफसाहेब कान पिळायचा." कडूबा स्वतःशीच हसला. "तेराशे एकवीस हिजरी म्हंजी लई जुनं हाये रे. मी जन्मलो बी नव्हतो."

वस्तरा गालावर होता तिथेच राहिला. सर्जेरावनं मनातल्या मनात हिशेब केला, कारण हिशेब करणं त्याला थांबवता येत नसे. हिजरी वर्ष चंद्राचं, अकरा दिवसांनी आखूड. तेराशे एकवीस गुणिले शून्य पूर्णांक सत्त्याण्णव, अधिक सहाशे बावीस. एकोणीसशे तीन. फसलीत, म्हणजे निजामाच्या महसुली सालात, नुसते पाचशे नव्वद मिळवायचे असतात. एकोणीसशे अकरा. त्यानं पाचशे नव्वद मिळवले होते. औरंगाबादच्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत, अर्ध्या पानाच्या लेखात, आपल्या नावानिशी, बी.एस्सी. ही पदवी लावून, त्यानं पाचशे नव्वद मिळवले होते. त्याला सहा महिने झाले होते.

गालावरचा फेस वाळायला लागला. कातडी ओढली जात होती. खाली जालन्यातल्या कादराबादच्या रस्त्यावरून कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं आणि सर्जेरावला, कशी कोण जाणे, घड्याळजीची म्हातारी लेक रहिमुन्निसाबी हिच्या घरातल्या बंद घड्याळांची आठवण झाली. भिंतीवर सात घड्याळं होती आणि सातही वेगवेगळ्या वेळी थांबलेली. पहिल्यांदा गेला तेव्हा त्याला वाटलं होतं, ही सात रीडिंगं घेऊन सरासरी काढली तर काय येईल? त्याचा तो विनोद त्याला स्वतःलाच आवडला होता. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तो डेमॉन्स्ट्रेटर होता, पद हंगामी, पगार अडीचशेच्या आतबाहेर, आणि दिवसभर मुलांच्या जर्नलांतली रीडिंगं तपासायची. इंग्रजी मासिकांतल्या आणि मराठीतल्या जुन्या शास्त्रीय कथा जमवणं हा त्याचा रविवारचा छंद. शतकाच्या पहिल्या दहा-वीस वर्षांतल्या. चंद्रावर जाणारे तोफगोळे, समुद्रतळाशी चालणाऱ्या आगगाड्या, अदृश्य करणारी रसायनं. त्या काळच्या मासिकांचे वाळवी लागलेले अंक तो वाचनालयाच्या माळ्यावर बसून चाळायचा. त्यात एक गोष्ट त्याच्या लवकर ध्यानात आली होती. यातल्या निम्म्या कथा उसन्या. इंग्रजी कथा घ्यायची, लंडनचं पुणं करायचं, डॉक्टरचा शास्त्रीबुवा करायचा, मडमेला नऊवारी नेसवायची आणि मूळ लेखकाचं नाव गाळायचं. तेव्हा यात कोणाला काही गैर वाटत नसे. सर्जेराव मात्र अशी कथा सापडली की वहीत तांबड्या पेन्सिलीनं खूण करायचा. अशा पाच खुणा झाल्या होत्या, प्रत्येक खुणेला एक बारीक आनंद. शर्यतीत पुढं पळणाऱ्याचा पाय अडकून तो पडला की होतो तसा.

इब्राहीम घड्याळजीचं 'आरपार विहीर' त्याला सापडलं तेव्हा मात्र तसं नव्हतं. वाचनालयाच्या जुन्या यादीत नुसतं नाव होतं, पुस्तक गहाळ. लेखकाच्या नावापुढं कंसात 'घड्याळजी, जालना' असं लिहिलेलं. तो मोहल्ल्यामोहल्ल्यांतून विचारत फिरला, आणि एका घरात एक म्हातारी भेटली जी म्हणाली, "ते माजे अब्बा." पत्र्याची पेटी उघडली. हिरव्या मलमलीत गुंडाळलेलं चाळीस पानांचं पुस्तक निघालं. तिला दिसत नव्हतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तरी तिनं ते कपाळाला लावून मगच त्याच्या हातात दिलं होतं.

त्याच घरात उंबऱ्यावर बसून त्यानं ते एका बैठकीत वाचून काढलं. जालन्यातला एक घड्याळजी आणि एक पाथरवट मिळून एक यंत्र करतात आणि विहीर खणत सुटतात, पाणी लागलं तरी, खडक लागला तरी, आग लागली तरी. पृथ्वी आरपार होते. मग घड्याळजी काठावर उभा राहून एक दगड सोडतो आणि खिशातलं घड्याळ काढतो. लोक हसतात. दगड गेला तो गेला, आता घड्याळ कशाला? घड्याळजी म्हणतो, थांबा. साडेतीन घटकांनी दगड विहिरीतून वर येतो, काठाशी क्षणभर अधांतरी ठरतो, घड्याळजी तो अलगद उचलून घेतो. दगड ओला असतो. घड्याळजी तो जिभेला लावतो. खारट.

सर्जेराव उंबऱ्यावरून उठला होता. साडेतीन घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं. पृथ्वीची त्रिज्या आणि गुरुत्वाचा आकडा घेऊन सूत्रात घातला की चौऱ्याऐंशी मिनिटं येतात, त्यानं तिथंच जर्नलाच्या मागच्या कोऱ्या पानावर करून पाहिलं. जालन्यातल्या एका घड्याळजीला हे कुठून कळलं? त्या क्षणी त्याच्या अंगावर काटा आला होता, आणि तो काटा खरा होता, हे आता, गालावर वाळलेल्या फेसासकट, त्याला स्पष्ट आठवत होतं. त्या दिवशी त्याला आपला आजा सापडल्यासारखं झालं होतं.

"खाला, हे कधी लिहिलं तुमच्या वडिलांनी?"

"मी आम्मीच्या पोटात बी नव्हते तवा. प्लेगमधून लोकं परत गावात आल्ते म्हने, मंग तवाच."

"म्हणजे कोणतं साल?"

"सालाचं मला काय ठावं बेटा. मला माजं वय ठावं न्हाई. पर अब्बांनी त्या गोळ्यात दाभण घातल्तं, ते मी डोळ्यानं बघितलं. माज्यासाठी परत घातलं. मी लई मागं लागल्ते, अब्बा विहीर दाखवा, विहीर दाखवा."

गोळा म्हणजे पृथ्वीचा गोल. पितळी घोडीवर, इंग्रजी नावांचा, कागदाच्या लगद्याचा, रंग उडालेला. म्हातारीच्या सुनेनं, ताहेरानं, कपाटावरून काढून पुसून दिला. हिंदुस्थानच्या पोटात जालना असायला पाहिजे तिथं एक भोक होतं आणि बरोबर उलट्या बाजूला, दक्षिण अमेरिकेच्या अलीकडं, निळ्या समुद्रात दुसरं. "हितून घातलं, तितून निघालं," म्हातारी म्हणाली होती. "पानी लागलं, म्हनले. अन् मंग हसले. लई हसले." सर्जेरावनं ते सगळं वहीत लिहून घेतलं होतं. पण आठवणींच्या पुढं त्यानं कंसात लिहिलं : अविश्वसनीय, वयामुळे. माणसाच्या आठवणीतली चूक किती टक्के धरायची याचा काही नियम नाही, पण छापलेला आकडा हा छापलेला आकडा असतो. पुस्तकाच्या मागच्या पानावर उर्दू आकडे होते, ते त्याला वाचता येत होते. लहानपणी बापानं मैलाच्या दगडांवरून शिकवले होते. पुढं अक्षरंही शिकवायला बसला तेव्हा दहा वर्षांचा सर्जेराव म्हणाला होता, "मला नको ती निजामाची अक्षरं. मला इंग्रजी शिकायचंय." कडूबानं पाटी पुसून ठेवली होती आणि पुन्हा तो विषय काढला नव्हता. घरातल्या जुन्या पट्ट्यावर, पावत्यांवर सगळीकडं फसली सालं होती, सारं गाव फसलीतच जगलं होतं. तेराशे एकवीस म्हटल्यावर दुसरं काही असू शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. महिन्याच्या नावाची ओळ त्याला नुसती वेलबुट्टी वाटली होती. आठ महिने पुस्तक या फळीवर होतं. बाप दर दुसऱ्या रविवारी येत होता, याच खाटेवर बसत होता, पिठाचा डबा ठेवत होता, आणि सर्जेराव त्याला विचारत होता, "अंबडला पाऊस आहे का?"

"थंड हून राह्यलं पानी तुझं," कडूबा म्हणाला. "दाढी तर पुरी कर."

त्यानं दाढी पुरी केली. हनुवटीखाली कापलं.

पुस्तक हाती आल्यावर महिनाभर तो हवेत होता. वाचनालयाचे कार्यवाह तातेराव यांच्याकडं त्यानं दोन मागण्या केल्या. इब्राहीम घड्याळजीचा फोटो वाचनालयात लावायचा आणि पुस्तक पुन्हा छापायचं. तातेराव पान जुळवत म्हणाले होते, "घड्याळजीचा फोटो? बघू. समितीपुढं ठेवू." मग चुन्याचं बोट पुसत, "पण खरात सर, घड्याळजीला हे कुठून सुचणार हो? तुम्हीच सांगा." ते वाक्य सर्जेरावला कुठंतरी आधी ऐकल्यासारखं वाटलं होतं. पण तो म्हातारीला सांगून आला, पुस्तक छापून येणार. तिनं दोन्ही हात त्याच्या डोक्यावरून फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली होती.

आणि मग औरंगाबादच्या ग्रंथालयात तो बांधीव खंड हाती आला. एक इंग्रजी मासिक, एकोणीसशे सात सालचं. त्यात एक कथा. खाणीतले दोन इंजिनियर, पृथ्वी आरपार छिद्र, वर येणारा चेंडू, आणि ठळक अक्षरांत : चौऱ्याऐंशी मिनिटं. ग्रंथालयात पंखा कुरकुरत होता. सर्जेरावनं ती ओळ दोनदा वाचली. मग, हेही खरं होतं आणि हे त्यानं आजवर स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं, मग त्याला तोच तो बारीक आनंद झाला. एकोणीसशे सात आधी, एकोणीसशे अकरा मागून. आकडा तोच. रोज तो प्रयोगशाळेत हेच करत होता. मुलं उत्तर आधी पुस्तकातून बघतात आणि त्यावरून उलटं गणित करून निरीक्षणं भरतात, सगळ्या कॉलेजांत हीच रीत. ज्याला तेही जमत नाही तो शेजारच्याचं उतरवतो. दोन जर्नलांत दशांशापर्यंत सारखं रीडिंग आलं की समजायचं, एक चोर. सर्जेराव असे चोर नेमके पकडायचा. मुलं त्याला मागं 'फौजदार' म्हणायची. त्यानं इब्राहीम घड्याळजीच्या जर्नलावर लाल रेघ मारली. सहावी खूण.

दोघांनी बरोबर गणित केलं तर दोघांचं उत्तर एकच येईल, एवढी साधी गोष्ट त्या पंख्याखाली त्याला दिसली नाही. घड्याळजीचा सगळा जन्म लोलकात जातो. लोलक चौपट लांब केला की झोक्याला दुप्पट वेळ लागतो, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही, त्याच्या बोटांना ते ठाऊक असतं. पृथ्वीच्या अर्ध्या जाडीइतका लांब लोलक मनात टांगायचा, आणि त्याचा एक झोका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं. त्यानं मनात तो टांगला असेल. कोणा रात्रशाळेतल्या मास्तराला विचारलं असेल, जुन्या पुस्तकात वाचलं असेल, चुकला असेल, परत केलं असेल. इंग्रजी कथेतला चेंडू तर कोरडा येतो. जालन्याचा दगड खारट येतो. हाही फरक त्यानं पाहिला होता आणि लेखात एका ओळीत उडवला होता : 'स्थानिक रंगाचा किरकोळ तपशील.' ते वाक्य लिहिताना आपण किती तयारीचे झालो आहोत असं वाटून तो खुर्चीत मागं रेलला होता.

आता तो खाली मान घालून बसला होता आणि त्याला दुसरंच काही आठवत होतं, जे त्याला आठवायचं नव्हतं. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, औरंगाबाद. गुरुत्वाचा प्रयोग. त्यानं सकाळपासून वीस-वीस झोके मोजले होते, खरे मोजले होते, धागा तीनदा बदलला होता. उत्तर आलं नऊशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक दोन. शेजारच्या टेबलावर बद्रीनाथ नावाचा मुलगा होता, वकिलाचा. तो दोनदा पाणी प्यायला म्हणून सर्जेरावच्या मागून गेला. त्याचंही उत्तर नऊशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक दोन. सरांनी दोन्ही जर्नलं शेजारी शेजारी ठेवली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "खरात, कोणाचं पाहिलंस?" बद्रीनाथला काही विचारलं नाही. रागानंही म्हणाले नव्हते. इतक्या सहज म्हणाले होते की सर्जेरावला वाटलं, खरंच आपण पाहिलं की काय? त्यानं खाली बघून म्हटलं, "चूक झाली सर." आठ वर्षं ते वाक्य त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. आणि एवढं असून, लेख लिहिताना, इंग्रजी जर्नल आणि घड्याळजीचं जर्नल शेजारी शेजारी ठेवल्यावर, त्यानं विचारलं ते एकालाच. घड्याळजीला कुठून सुचणार हो.

लेख आला तेव्हा तातेरावांनी रस्त्यात थांबवून पाठ थोपटली होती. "बरं झालं सर, तुम्हीच लिव्हलं. आम्ही म्हणलो असतो तर लोकांनी भलतंच काढलं असतं." फोटो लागला नाही, पुस्तक छापलं गेलं नाही. पुण्याच्या एका प्राध्यापकाचं पत्र आलं : आपली दृष्टी चिकित्सक आहे, दिवाळीनंतरच्या परिसंवादात निबंध वाचाल का? ते पत्र त्यानं इस्त्रीच्या कपड्यांत ठेवलं होतं. रहिमुन्निसाबीकडं तो पुन्हा गेला नव्हता. पुस्तक परत करायचं राहूनच गेलं होतं. राहून गेलं, असं तो म्हणायचा.

"बा," तो म्हणाला, "मी पेपरात लिहिलं होतं. हा माणूस चोर आहे म्हणून."

कडूबानं पुस्तक मिटून गुडघ्यावर ठेवलं. त्यावर टोपी ठेवली. मग टोपी उचलून बाजूला ठेवली.

"मला इचारायचं व्हतंस."

एवढंच तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, सर्जेरावला वाटलं.

त्यानं कागद घेतला आणि संपादकांना पत्र लिहिलं. बारा ओळी. चूक माझी, साल हिजरी, एकोणीसशे तीन, इंग्रजी कथेच्या चार वर्षं आधीचं, इब्राहीम यांची कल्पना स्वतःची, मी त्यांची व त्यांच्या कुटुंबाची जाहीर माफी मागतो. लिहिताना डोक्यात पुण्याचं पत्र होतं. या बारा ओळी त्या प्राध्यापकाच्या टेबलावर जातील. चिकित्सक दृष्टीच्या या माणसाला महिन्याचं नाव वाचता आलं नाही, असं म्हणतील, आणि मग कोणीतरी चष्मा पुसत म्हणेल, यांच्याकडून अजून काय होणार. त्याला ते वाक्य ऐकूही आलं, चांगलं शुद्ध. तरी त्यानं पाकीट चिकटवलं. पुस्तक मलमलीत गुंडाळून घेतलं आणि ते देणाऱ्या म्हातारीची हकीकत सांगत तो बापाला घेऊन बाहेर पडला. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पाकीट टाकलं. आत काही पडल्याचा आवाज आला नाही.

"म्हातारी हाये का अजून?" कडूबानं चालता चालता विचारलं.

"असेल."

"मंग आधी तिच्याकडं जायचं, मंग पेपराकडं. तुमचं शिकलेल्यांचं सगळं उलटंच. बराबर हाये का मी म्हंतो ते?"

"बरोबर आहे."

ताहेरानं दार उघडलं. तिनं सर्जेरावला ओळखलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली होती आणि चिवड्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून टाकायची. तिनं लेख वाचला असणारच. "या," ती म्हणाली. "सहा म्हैन्यांनी आले मास्तर. किताब आणली का, का तिच्यावर बी काही लिव्हायचं राह्यलंय?"

"ताहेरा!" आतून आवाज आला. "कोन हाये? मास्तर हाये? बैठ बेटा, बैठ."

सात घड्याळं होती तिथंच होती. म्हातारी खाटेवर पाय जवळ घेऊन बसली होती. अंगानं आणखी वाळली होती. सर्जेरावनं हिरव्या मलमलीतलं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते चाचपलं. या वेळी कपाळाला लावलं नाही. बाजूला सारून ठेवलं, सुपारीच्या डब्याशेजारी.

"खाला, मी चुकलो. तुमच्या वडिलांनी चोरी केली नव्हती. पुस्तकावर रजब महिना आहे, साल हिजरी आहे. मी फसली धरलं. त्यांचं पुस्तक आधीचं आहे. इंग्रजी कथा मागून आली. तुम्ही म्हणाला होता ते खरं होतं, तुमच्या जन्माच्या आधीचं आहे."

तो भरभर बोलला. कडूबा दाराशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "खरं हाये, अम्मा. म्या वाचलं. रजबच हाये."

म्हातारीनं कडूबाच्या आवाजाकडं तोंड वळवलं. मग हसली. तोंडात तीन-चारच दात होते.

"हे तुमचे वालिद का? सलाम भाऊ. पोराला चांगलं वळन लावलं तुम्ही." मग सर्जेरावच्या दिशेनं, पण थोडं डावीकडं, जिथं तो नव्हता तिथं बघत म्हणाली, "मला वाईट वाटलं असंल म्हनून आला न्हव्हं बेटा? न्हाई वाटत आता. पैल्यांदा वाटलं. ताहेरानं वाचलं तवा दोन दिवस रोटी गेली न्हाई. मंग मी म्हनलं, मास्तर शिकलेला हाये, त्याला काय दुश्मनी? त्यानं लिव्हलं म्हंजी बिलकुल खरंच असंल. अब्बा गरीब व्हते. गरिबाला मोह हुतो."

"नाही खाला, ऐका. तो लेख खोटा आहे. मी आत्ता पत्र टाकून आलो, पेपरात छापून येईल."

"येऊ दे. म्हातारीसाठी येवढं कोन करतंय?"

सर्जेराव उठला. कपाटावरून त्यानं पितळी घोडीचा तो गोल काढला, तिचा हात धरला, तिचं बोट जालन्याच्या भोकावर ठेवलं. हाड नुसतं, वर कागदासारखी कातडी. "हे बघा. तुम्हीच सांगितलं होतं. इथून दाभण घातलं, इथून निघालं. पाणी लागलं म्हणाले आणि हसले. इंग्रजी कथेत पाणी नाही, खाला. हे त्यांचं स्वतःचं आहे. हे त्यांनी शोधून काढलेलं आहे."

तिचं बोट भोकाच्या कडेवरून एकदा फिरलं. सर्जेरावला वाटलं, आता. आता तिच्या तोंडावर तो दिवस येईल, हट्ट करणारी पोर आणि हसणारा बाप.

"हे का?" ती म्हणाली आणि बोट काढून घेतलं. "हे मीच पाडलं असंल रे लहानपनी. पोरं काय बी करत्यात. मला वाटायचं अब्बांनी केलं. म्हातारपनात मानूस काय बी आठवून राह्यतं."

"पण तुम्ही म्हणाला होता, डोळ्यानं बघितलं."

"म्हनले असंल. पर मंग चोरीचं कसं जमतंय त्याच्यात? न्हाई जमत. मंग ते खोटंच असंल न्हव्हं?"

उत्तर आधी, निरीक्षणं मागून. तिनं आपलं सगळं जर्नल बसून, सहा महिने, एकेक ओळ खोडून, त्यानं दिलेल्या उत्तराला जुळवून घेतलं होतं. प्लेग खोडला होता. दाभण खोडलं होतं. हसणं खोडलं होतं. आणि आता तो कोणता आकडा घेऊन आला तरी तो तिला आकडा वाटणार नव्हता, चांगुलपणा वाटणार होता. आठ-पंधरा दिवसांनी पत्र छापून येईल, ताहेरा ते वाचून दाखवील, आणि म्हातारी म्हणेल, किती भला मास्तर, माझ्यासाठी साऱ्या मुलखासमोर खोटं बोलला.

त्यानं गोल परत कपाटावर ठेवला. ठेवताना तो घोडीवर अर्धवट फिरला आणि समुद्राची बाजू पुढं आली.

जवळच्या मशिदीत दुपारची अजान सुरू झाली. ताहेरानं तांब्या आणि हात धुवायची चिलमची आणून खाटेपाशी ठेवली. म्हातारीनं हात धुतले, तोंड धुतलं, ओल्या बोटांनी कानामागून पुसलं. कडूबा उठला, सर्जेरावला त्यानं खुणावलं, चल. पण सर्जेरावचे पाय उंबऱ्यावरच अडले, जिथं बसून त्यानं ते पुस्तक एका बैठकीत वाचलं होतं. आत नमाज झाली, बसूनच, सावकाश, म्हातारीच्या कमरेला झेपेल तशी. मग तिनं दोन्ही हात ओंजळीसारखे पुढं धरले आणि ओठ हलवायला लागली. पहिलं सगळं अरबीत होतं, त्याला काही कळलं नाही. मग ती आपल्या बोलीवर आली. तिनं देवासमोर बापाचं नाव घेतलं, आणि त्याला जोडून जे मागितलं त्यातला एक शब्द उंबऱ्यापर्यंत आला. चोरी. तेवढा समजायला सर्जेरावला बापाची गरज पडली नाही.